कंपायलरला दिलेला शब्द

आर्डुइनो उनो या बोर्डावर एटीमेगा ३२८पी नावाची चिप असते. तिची रॅम अवघी २०४८ बाइट. या चिपसाठी सी भाषेत इंटरप्ट हँडलर लिहायचा, तर जीसीसी कंपायलर दोन ॲट्रिब्यूट देऊ करतो. एकाचे नाव 'सिग्नल', दुसऱ्याचे 'इंटरप्ट'. नुसत्या नावावरून निवडायचे झाले तर कोणीही दुसरेच उचलेल. हँडलर इंटरप्टचा आहे, मग शब्दही तोच हवा, असे वाटणारच. या दोन शब्दांत फरक आहे तो एका सूचनेचा. इंटरप्ट आला की ही चिप बाकीचे सगळे इंटरप्ट आपोआप बंद करते. 'सिग्नल' लिहिले तर हँडलर संपेपर्यंत ते बंदच राहतात. 'इंटरप्ट' लिहिले तर कंपायलर हँडलरच्या अगदी तोंडाशी ते पुन्हा चालू करणारी सूचना घालतो. सीरियल पोर्टवर एक अक्षर आले, हँडलर सुरू झाला, आणि ते अक्षर वाचून घेण्याआधीच दार पुन्हा उघडले, तर तोच इंटरप्ट पुन्हा आत शिरतो. मग पुन्हा, मग पुन्हा. दर खेपेला स्टॅक थोडा वाढतो. २०४८ बाइट संपायला किती वेळ लागणार?

हा फरक जीसीसीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेला आहे. ही चिप ज्या कुळातली त्या एव्हीआरच्या विभागात, मोजक्या ओळींत, स्वच्छ. ज्याने त्या ओळी वाचल्या त्याचे बोर्ड चालते. ज्याने वाचल्या नाहीत तो वायरिंग तपासतो, पॉवर सप्लाय बदलतो, शेवटी चिपच बदलून पाहतो. हाच 'इंटरप्ट' शब्द एआरएमच्या ३२ बिटी प्रोसेसरसाठी लिहिला तर कंसात इंटरप्टचा प्रकारही सांगता येतो. एक्स८६साठी लिहिला तर फंक्शनचा पहिला पॅरामीटर म्हणून, प्रोसेसरने स्टॅकवर ठेवलेल्या चौकटीचा पॉइंटर घ्यावाच लागतो. कंपायलर एक, शब्द एक आणि करार तीन. हे पुस्तक अशा करारांविषयी आहे, आणि ते कसे लिहून ठेवावेत याविषयीही.

सी भाषेत एखादे फंक्शन किंवा व्हेरिएबल जाहीर करताना आपण त्याचा प्रकार सांगतो : हा पूर्णांक, हा पॉइंटर, हे फंक्शन दोन आकडे घेते आणि एक परत देते. पण प्रत्यक्ष कामात सांगण्यासारखे याहून बरेच काही असते. हे फंक्शन एकदा बोलावले की परत येत नाही. या स्ट्रक्चरच्या सदस्यांमध्ये मोकळी जागा सोडू नकोस. या पॉइंटरमध्ये नल कधीही येणार नाही. हा तक्ता मेमरीच्या अमुक सेक्शनमध्ये ठेव. भाषेच्या व्याकरणात यांना जागा नव्हती, म्हणून कंपायलर लिहिणाऱ्यांनी आपापली जागा तयार केली. जीसीसीने 'ॲट्रिब्यूट' हा शब्द घेतला, त्याच्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोअर लावले आणि पुढे कंसात कंस दिला. तो दुहेरी कंस नवख्याला उगाच वाटतो. त्याचा उपयोग असा, की ज्या कंपायलरला ही भानगड समजत नाही त्याच्यासाठी एका आर्ग्युमेंटचा रिकामा मॅक्रो लिहिला की सगळे ॲट्रिब्यूट कोडमधून पुसले जातात. आत स्वल्पविराम असले तरी अडत नाही.

काही ॲट्रिब्यूट ही आज्ञा असते, काही नुसती माहिती असते, आणि काही म्हणजे चक्क दिलेला शब्द. मराठीत 'शब्द देणे' म्हणतो त्याच अर्थाने. प्रोग्रामर कंपायलरला शब्द देतो की या जागी नल येणार नाही. कंपायलर तो शब्द क्वचितच पडताळून पाहतो, बहुतेक वेळा त्यावर विसंबून पुढचा हिशेब करतो. जमीन घेणारा माणूस सातबाऱ्यावर मालकाचे नाव वाचून थांबला तर फसतो, कारण बोजा 'इतर हक्क' या रकान्यात नोंदलेला असतो. फंक्शनच्या घोषणेतला ॲट्रिब्यूट म्हणजे तोच रकाना. तो भरताना आणि वाचताना सारखीच सावधगिरी हवी, आणि रकान्यातल्या प्रत्येक नोंदीचा अर्थ कुठेतरी निःसंदिग्ध लिहिलेला हवा.

नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत मी हे किंमत मोजून शिकलो. दोन बोर्डे एकमेकांशी सीरियल पोर्टवरून बोलत होती आणि दोन्हींसाठी दोन वेगळे कंपायलर होते. संदेशाचे स्ट्रक्चर साधे होते : एक बाइटाचा प्रकार-क्रमांक आणि त्यामागे चार बाइटांचा पूर्णांक. कंपायलर एरवी अशा ठिकाणी पूर्णांक नीट चार बाइटांच्या सीमेवर बसावा म्हणून मध्ये तीन बाइट मोकळे सोडतो, आणि स्ट्रक्चर आठ बाइटांचे होते. 'पॅक्ड' ॲट्रिब्यूट लावला की ते पाच बाइटांत मावते. आमच्या हेडर फाइलमध्ये तो लावलेला होता. पण दुसऱ्या बोर्डाचा कंपायलर ही लिखावट ओळखत नव्हता म्हणून कोणीतरी, कधीतरी, वर सांगितलेला रिकामा मॅक्रो लिहून ठेवला होता. कोड दोन्हीकडे बिनतक्रार कंपाइल होत होता. एक बोर्ड पाच बाइट पाठवी, दुसरे आठची वाट पाही. त्या मॅक्रोशेजारी एक ओळ जरी लिहिलेली असती की 'इथे पॅक्डही पुसला जातो, आणि तो पुसला तर संदेशाचा आकार बदलतो', तर आमचे तीन आठवडे वाचले असते.

तेव्हापासून प्रत्येक ॲट्रिब्यूटबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारतो : कंपायलरने याच्याकडे दुर्लक्ष केले तर काय होईल? या एका प्रश्नावर सगळ्या ॲट्रिब्यूटांची सरळ दोन घरे पडतात. 'डेप्रिकेटेड' दुर्लक्षिला गेला तर एक वॉर्निंग हुकते. 'कोल्ड' दुर्लक्षिला गेला तर कोड किंचित मंद होतो. 'पॅक्ड', 'सेक्शन', 'अलाइन्ड', 'वीक' दुर्लक्षिले गेले तर प्रोग्रामचा अर्थच बदलतो. 'क्लीनअप'चेही तसेच. व्हेरिएबलचा अंमल संपताच ठरलेले फंक्शन बोलावण्याची सोय तो करतो. लिनक्स कर्नलने २०२३ साली कुलपे आपोआप सुटावीत म्हणून त्याचा पद्धतशीर वापर सुरू केला. तो जिथे पुसला जाईल तिथे कुलूप लागलेलेच राहील. अनेक दस्तऐवजांत ॲट्रिब्यूट काय करतो ते असते, पण तो नसेल तर काय होईल हे लिहिलेले नसते. या पुस्तकात ते प्रत्येक नोंदीत लिहिले आहे, आणि या पुस्तकाचे काही वेगळेपण असेल तर माझ्या मते ते एवढेच.

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण आजची लिखावट अशी का आहे हे त्याशिवाय कळत नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी १९८७ साली लोकांपुढे ठेवला. त्याच सुमारास सी भाषेचे अमेरिकी मानक आकार घेत होते. ते १९८९ साली पक्के झाले. कंपायलरला खास सूचना देण्यासाठी त्या मानकाने 'प्रॅग्मा' ही सोय ठेवली आणि तिचा अर्थ ज्या-त्या कंपायलरवर सोपवला. जीसीसीच्या लेखकांना ही मोकळीक मुळीच पटली नाही. १.१७ या आवृत्तीत प्रॅग्मा दिसला की कंपायलर संगणकावरचा हॅक किंवा रोग हा खेळ सुरू करू पाही, आणि ते नसले तर ईमॅक्समध्ये हनोईच्या मनोऱ्याचे कोडे. अर्थ ज्याचा त्याने ठरवायचा, तर हाही अर्थ मानकात बसतो, असे त्यांचे म्हणणे. पुढे ॲट्रिब्यूटची रचना झाली तेव्हा प्रॅग्मा का नको याची दोन कारणे मॅन्युअलमध्ये नोंदवली गेली : प्रॅग्मा मॅक्रोतून निर्माण करता येत नाही, आणि तोच प्रॅग्मा दुसऱ्या कंपायलरमध्ये काय अर्थाचा निघेल याचा भरवसा नाही. पहिली अडचण १९९९च्या मानकाने दूर केली. दुसरी आजही आहे, आणि ती ॲट्रिब्यूटलाही चुकलेली नाही.

एकाच वचनाची किती रूपे होतात हे 'नोरिटर्न'वरून पाहावे. २.५ या १९९३च्या आवृत्तीपूर्वी जीसीसीमध्ये 'परत न येणारे फंक्शन' सांगण्यासाठी फंक्शनच्या प्रकाराला 'व्होलाटाइल' लावत. २.५पासून 'नोरिटर्न' हा ॲट्रिब्यूट आला. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने हेच 'डेक्लस्पेक' या आपल्या शब्दातून सांगितले. २०११ साली सी प्लस प्लसच्या मानकाने दुहेरी चौकोनी कंसातली नवी लिखावट आणली, आणि त्याच वर्षीच्या सी मानकाने मात्र अंडरस्कोअरने सुरू होणारा स्वतंत्र कीवर्ड काढला. मग सी२३ या मानकाने चौकोनी कंस स्वीकारले आणि आपलाच बारा वर्षांचा कीवर्ड मागे पडलेला म्हणून नोंदवला. जुना कोड वाचणाऱ्याला ही सगळी रूपे भेटतात. वचन मात्र सगळीकडे तेच आहे, आणि ते मोडले तर काय होते तेही तेच : फंक्शन परत आले तर पुढे काय करायचे याचा कोड कंपायलरने तयारच केलेला नसतो. प्रोसेसर जे पुढे पडले असेल ते चालवत सुटतो.

या पुस्तकात सर्वांत जास्त पाने मी 'नॉननल'ला दिली आहेत. हा ॲट्रिब्यूट दिसतो वॉर्निंगसारखा : या पॅरामीटरला नल द्याल तर कंपायलर टोकेल. बरेच जण तो सुरक्षेसाठी लावतात. पण कंपायलरच्या बाजूने पाहिले तर तो परवाना आहे. पॅरामीटर नल नसणार असा शब्द मिळाला, की फंक्शनच्या आत 'हा नल आहे का' असे तपासणाऱ्या ओळी कंपायलरच्या लेखी निरर्थक ठरतात, आणि त्या काढून टाकण्याची त्याला मुभा मिळते. म्हणजे ज्याने काळजीपोटी बाहेर ॲट्रिब्यूट लावला आणि काळजीपोटीच आत तपासणीही ठेवली, त्याची तपासणी ॲट्रिब्यूटनेच पुसली. जीसीसी ४.९ ही आवृत्ती २०१४ साली आली तेव्हा तिच्यासोबतच्या मार्गदर्शक टिपणात नेमके असे उदाहरण दिले होते. एक फंक्शन मेममूव्ह बोलावते आणि मग स्रोत पॉइंटर नल आहे का ते पाहते. मेममूव्हच्या घोषणेत पॉइंटर नल नसल्याचे वचन आहे, शून्य बाइट हलवायचे असले तरीही. तेव्हा मेममूव्ह बोलावले गेले याचाच अर्थ पॉइंटर नल नव्हता, असा निष्कर्ष कंपायलर काढतो आणि नंतरची तपासणी उडवतो. तर्क अचूक आहे. ज्याने तो कोड लिहिला त्याला आपण असे काही वचन दिले आहे याचा पत्ताही नव्हता. ते हेडर फाइलने त्याच्या वतीने दिले होते.

क्लँग या दुसऱ्या कंपायलरच्या दस्तऐवजात या जागी केलेले काम मला फार आवडते. क्लँगमध्ये 'नॉननल' हा ॲट्रिब्यूट आहे आणि त्याच नावाचा, अंडरस्कोअरने सुरू होणारा, प्रकाराला चिकटणारा शब्दही आहे. दोन्ही एकाच अर्थाचे वाटतात. दस्तऐवज तिथेच थांबवून सांगतो की ॲट्रिब्यूट मोडला तर ते अनडिफाइंड बिहेवियर आहे आणि ऑप्टिमायझर त्याचा फायदा उठवू शकतो. प्रकाराला लागणारा शब्द मोडला तर तसे होत नाही. दोन-तीन वाक्ये आहेत. पण वाचणाऱ्याच्या मनात नेमका जिथे गोंधळ होणार ती जागा लिहिणाऱ्याने ओळखली आहे. दस्तऐवज लिहिण्याची खरी कसोटी मी हीच मानतो.

'प्युअर' आणि 'कॉन्स्ट' या जोडीचेही असेच आहे. दोन्ही सांगतात की फंक्शनचा बाहेर काही परिणाम होत नाही. 'प्युअर' फंक्शन मेमरी वाचू शकते, बदलू शकत नाही. स्ट्रिंगची लांबी मोजणारे फंक्शन हे त्याचे नेहमीचे उदाहरण. 'कॉन्स्ट' त्याहून कडक : उत्तर फक्त आर्ग्युमेंटांच्या किमतींवर ठरले पाहिजे, जसे वर्ग काढणारे फंक्शन. ग्लोबल तक्त्यातून सेन्सरची दुरुस्ती वाचणाऱ्या फंक्शनला कोणी 'कॉन्स्ट' लावला, तर तक्ता बदलल्यावरही कंपायलर आधीचेच उत्तर पुन्हा वापरू शकतो. त्यात भर म्हणजे सी भाषेत 'कॉन्स्ट' नावाचा कीवर्ड आधीपासून आहे आणि त्याचा अर्थ वेगळा.

'फॉरमॅट' हा मात्र मला सगळ्यांत उपकारक ॲट्रिब्यूट वाटतो. तुमच्या स्वतःच्या लॉग लिहिणाऱ्या फंक्शनला तो लावला, की प्रिंटएफप्रमाणेच प्रत्येक ठिकाणची टक्क्याची चिन्हे आणि त्यांपुढची आर्ग्युमेंटे कंपायलर जुळवून पाहतो. इथे प्रोग्रामर जे सांगतो ते कंपायलर खरोखर तपासतो, म्हणून धोका कमी आणि लाभ रोखठोक. एक बारकावा तेवढा विसरू नये : आर्ग्युमेंटांचे क्रमांक एकपासून मोजतात, पण सी प्लस प्लसमधल्या स्टॅटिक नसलेल्या सदस्य-फंक्शनात 'धिस' हा अदृश्य पॉइंटर पहिला धरला जातो, म्हणून तिथे मोजणी दोनपासून करायची.

'फॉलथ्रू'ची गोष्ट मराठी वाचकाला जवळची वाटावी. स्विचमध्ये एक केस संपून ब्रेक न देता खालच्या केसमध्ये उतरणे कधी मुद्दाम असते, कधी विसरभोळेपणा. २०१७ साली जीसीसी ७ने यासाठी वॉर्निंग आणली आणि मुद्दाम केले असेल तर ते सांगण्यासाठी ॲट्रिब्यूटही दिला. पण जगात लाखो ओळींचा जुना कोड होता, ज्यात हे टिप्पणीत लिहिलेले होते. म्हणून टिप्पणीसुद्धा मान्य करायचे ठरले, आणि किती कडकपणे मान्य करायची याच्या पायऱ्या ठेवल्या. पहिल्या पायरीवर कोणतीही टिप्पणी चालते. एरवी लागू होणारी तिसरी पायरी ठरावीक इंग्रजी शब्दच ओळखते. पाचवीवर टिप्पणीला किंमत नाही, ॲट्रिब्यूटच हवा. म्हणजे 'इथून मुद्दाम खाली जाऊ दिले आहे' अशी मराठी टिप्पणी पहिल्या पायरीवर चालते आणि तिसरीवर वॉर्निंग येते. क्लँगने टिप्पण्यांचा हा मार्ग स्वीकारला नाही. लिनक्स कर्नलने अखेर या टिप्पण्या हटवून त्या जागी ॲट्रिब्यूटवर उभा केलेला स्वतःचा शब्द वापरायचे ठरवले. २०२० साली तो बदल साऱ्या कर्नलभर पसरला. टिप्पणी माणसासाठी आणि ॲट्रिब्यूट कंपायलरसाठी, ही सीमारेषा इतकी पुसट असू शकते हे मला यातून समजले.

कर्नलचेच आणखी एक उदाहरण मी नमुना म्हणून डोळ्यांपुढे ठेवले. २०१८ साली मिगेल ओहेदा यांनी विखुरलेले ॲट्रिब्यूट एका हेडर फाइलमध्ये आणले. नावांप्रमाणे लावलेली यादी, प्रत्येक नोंदीवर जीसीसी आणि क्लँगच्या दस्तऐवजाचा पत्ता, आणि एखादा ॲट्रिब्यूट सगळीकडे मिळत नसेल तर कोणत्या कंपायलरला तो येत नाही किंवा कोणत्या आवृत्तीपासून येतो याची एक ओळ. फाइल लहान आहे. तिच्यात पांडित्य नाही. तरीही कोड आणि त्याचे स्पष्टीकरण एकाच ठिकाणी राहिल्यामुळे एक बदलले की दुसरे नजरेसमोर असते. माझ्या जुन्या नोकरीतल्या त्या हेडर फाइलला हेच हवे होते.

क्लँगने हीच शिस्त यंत्रावर सोपवली आहे. तिथे नवा ॲट्रिब्यूट घालायचा तर एका तक्तावजा फाइलमध्ये त्याची व्याख्या लिहावी लागते, आणि त्या व्याख्येत दस्तऐवजाचा रकाना भरावाच लागतो. कोणत्या लिखावटीत तो चालतो याचा तक्ता त्याच व्याख्येतून आपोआप तयार होतो, त्यामुळे तो खोटा पडत नाही. पण रकान्यात 'दस्तऐवज नाही' असेही भरता येते, आणि क्लँगच्या संदर्भसूचीत आजही कित्येक नावांखाली तेवढेच वाक्य सापडते. यंत्र रकाना भरायला लावू शकते, समजावून सांगायला लावू शकत नाही. जीसीसीचे मॅन्युअल आजही माणसांनी हाताने लिहिलेले आहे, आणि त्याचे गुणदोष हाती लिहिलेल्या पोथीचे आहेत : कुठे अप्रतिम खुलासा, तर कुठे एकच त्रोटक ओळ.

एकच नाव दोन कंपायलरांत किंचित वेगळे वागते, अशा जागांसाठी मी पानाच्या कडेला खूण केली आहे. परत आलेली किंमत टाकून देऊ नका, असे सांगणारा ॲट्रिब्यूट घ्या. ती किंमत मुद्दाम टाकायची म्हणून कोणी तिला व्हॉइडमध्ये कास्ट करतो. क्लँग त्यावर गप्प होतो. जीसीसी त्याच ॲट्रिब्यूटवर तरीही वॉर्निंग देतो, पण सी प्लस प्लसच्या मानकातल्या 'नोडिस्कार्ड'वर देत नाही. याहून गंभीर उदाहरण सी प्लस प्लस २०मधल्या, रिकाम्या सदस्याची जागा वाचवणाऱ्या ॲट्रिब्यूटचे आहे. जुन्या बायनरींशी जुळणी बिघडू नये म्हणून मायक्रोसॉफ्टचा कंपायलर मानक नाव ओळखतो पण त्यावर अंमल करत नाही; अंमल हवा तर त्याच नावाआधी स्वतःच्या कुळाचा उपसर्ग लावायला सांगतो. मानकात जाऊन बसलेला शब्दही अशा रीतीने कंपायलरचा खासगी होऊ शकतो. ॲट्रिब्यूट मानक झाले, आता वेगळ्या दस्तऐवजाची गरज संपली, असे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण दाखवतो.

हे सगळे मराठीत का, असे विचारले जाईल. कंपायलरच्या विश्वाशी आपला संबंध नवा नाही. पवईच्या आयआयटीत उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर चालवले, कार्यशाळा घेतल्या, जीसीसीच्या पोटात कसे पाहायचे हे शिकवले. ज्या एलएलव्हीएमवर क्लँग उभा आहे, तो इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर यांनी विक्रम अडवे यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू केला, आणि अडवे हे पवईचेच विद्यार्थी. पण माझे कारण याहून साधे आहे. मी शिकवताना पाहतो की मुले इंग्रजी मॅन्युअलमधले सगळे शब्द ओळखतात आणि तरी एका शब्दावर घसरतात : 'मे'. कंपायलर असे करू 'शकतो', असे ती मनात म्हणतात, जणू प्रश्न कुवतीचा आहे. मॅन्युअलमध्ये त्या शब्दाचा अर्थ बहुतेक ठिकाणी असतो 'मुभा आहे'. आज करणार नाही, पुढच्या आवृत्तीत करील, ऑप्टिमायझेशनची पातळी बदलली की करील, आणि केल्यावर तक्रार करता येणार नाही. 'मुभा' म्हटल्याबरोबर मुले सरसावून बसतात, कारण मुभा कोणीतरी दिलेली असते आणि इथे ती त्यांनीच दिलेली असते. असे दहा-बारा शब्द मी नीट ठरवून घेतले. कंपायलर, पॉइंटर, स्टॅक, वॉर्निंग हे मात्र जसे बोलतो तसेच ठेवले आहेत. त्यांना संस्कृत प्रतिशब्द देऊन कोणाचेही भले होणार नव्हते.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. फक्त वेगासाठी असलेले 'हॉट', 'फ्लॅटन' यांसारखे ॲट्रिब्यूट मी थोडक्यात उरकले आहेत. त्यांचा परिणाम मोजूनच पाहावा लागतो, आणि तो तुमच्या कोडवर मोजावा लागतो. टार्गेटनिहाय ॲट्रिब्यूटांपैकी एव्हीआर, एआरएम आणि एक्स८६ एवढेच घेतले, कारण एवढ्यांवरच मी स्वतः काम केले आहे. ज्या नोंदीतला नमुना कोड मी स्वतः कंपाइल करून, निघालेली असेंब्ली वाचून पाहिलेला नाही, ती नोंद छापलेली नाही.

वाचकांना विनंती एवढीच की हे पुस्तक कंपायलर चालू ठेवून वाचावे. प्रत्येक नमुना आधी ॲट्रिब्यूटसह आणि मग ॲट्रिब्यूट काढून कंपाइल करावा, ऑप्टिमायझेशन बंद ठेवून आणि चालू करून, आणि दोन्ही असेंब्ली शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. कंपायलर बदलत राहतात, तेव्हा काही नोंदी तुमच्याकडे वेगळ्या निघतील. तशी नोंद आढळली तर जरूर कळवा, आणि कळवताना कंपायलरची आवृत्ती, टार्गेट, दिलेले पर्याय आणि चूक दाखवणारा लहानात लहान कोड सोबत पाठवा.